राबातून काढलेली आमरी

ती काचेची पेटी मुळात माशांसाठी आणली होती. एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. महाडात हे नवीन नाही. आधी धान्य, मग कागदपत्रं, मग माझी पुस्तकं, असं आम्ही सगळं माळ्यावर चढवत राहिलो आणि पेटी खाली राहिली. पाणी ओसरलं तेव्हा ती चिखलाने अर्धी भरलेली होती, पण फुटली नव्हती. मासे मात्र नव्हते. समोरचे दुकानदार स्वतःच्या दुकानातला गाळ उपसत होते. ते ह्यांना म्हणाले, "बाईंना सांगा, वाईट वाटून घेऊ नका. एव्हाना बाणकोटला पोचले असतील. चांगला समुद्र बघतायत."

ह्यांनी पेटी धुतली, उन्हात वाळवली आणि मागच्या पडवीत बाकावर ठेवली. पुन्हा मासे आणू या का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नको. जे निघून जात नाही असं काहीतरी ठेवू."

ते एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळत असे. दोघांचीही कामं कमी बोलण्याची, आणि घरी येऊनही आम्ही फारसे बोलायचो नाही. ह्यांचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याच्या खालच्या अंगाला. दहाबारा घरांची वाडी. थोरले दीर आणि जाऊबाई तिथेच राहतात, भात आणि नाचणी करतात. हे एका रविवारी वाडीवरून परत आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वाळकी फांदी घेऊन. मी म्हटलं, सरपण कशाला आणलंत, आपल्याकडे गॅस आहे. त्यांनी फांदी माझ्यासमोर धरली. तिच्या सालीला करंगळीएवढ्या, सुरकुतलेल्या कांड्यांचा एक झुबका चिकटलेला होता. पान एकही नाही. त्यांनी एका कांडीवर नखाने अगदी हलकेच ओरखडा काढला. आतून हिरवं दिसलं.

"आमरी आहे," ते म्हणाले. "राबातून काढली."

राब म्हणजे काय ते आमच्या खोऱ्याबाहेरच्यांना सांगायला हवं. भाताचं बी पेरण्याआधी ती जमीन भाजावी लागते. त्यासाठी हिवाळ्यात ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या छाटतात. त्या छाटलेल्या फांद्यांना कवळ म्हणतात. कवळ वाळलं की ते शेण, पालापाचोळा आणि मातीबरोबर थरांनी रचायचं आणि पावसाळ्याच्या आधी पेटवून द्यायचं. त्या फांद्यांवर आमरीची, म्हणजे ऑर्किडची, रोपं असतात. झाडाच्या अंगावर राहणारी, पण झाडाचं काही न खाणारी. गावात त्यांना सरसकट बांडगूळ म्हणतात, आणि बांडगुळासाठी कोणी थांबत नाही. हे थांबत. झाडावरची आमरी त्यांनी कधी ओरबाडली नाही. जी जळणार होती तेवढीच आणायची.

पुढच्या काही वर्षांत पेटी भरत गेली. तळाला कोळसा आणि खडी, त्यावर शेवाळ. मागच्या काचेला त्यांनी जाळी लावली आणि जाळीवर फांद्यांचे आणि सालींचे तुकडे टांगले. एखादं रोप फांदीवरून सुटलं असेल तर त्याच्या मुळांखाली नारळाच्या सोडणाचा थोडा भुसा ठेवून ते नव्या सालीवर बांधायचे. बांधायला दोरा माझ्या जुन्या सुती साड्यांचा. काठ उसवून मी तो त्यांना काढून द्यायची. मुळांनी साल धरली की ते कात्रीने दोरा कापत आणि दोऱ्याचा तुकडा मला आणून देत. "घ्या तुमचा आधार परत," असं म्हणत. अहो-जाहो ते मला फक्त तेव्हाच करायचे.

नळाचं पाणी त्यांना चालत नसे. पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवायचं, ते कारखान्यातून आणलेल्या कागदाच्या पट्टीने तपासायचं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारतात त्या फवाऱ्याने शिंपडायचं. कोरडी मुळं चंदेरी असतात. पाणी पडलं की बघता बघता हिरवी होतात. पावसाळ्यात संध्याकाळी मी पडवीत वाचत बसायची आणि पलीकडे तो फवारा फुस्स फुस्स करत असायचा. काचेवर धुकं जमायचं, आणि त्यापलीकडे ह्यांचा चेहरा पुसट व्हायचा. आजही एखादं पुस्तक उघडलं की मला आधी तो आवाज ऐकू येतो, मग अक्षरं दिसतात.

दिवाळी झाली की फवारा बंद. पेटीवरची काच उतरवायची आणि रोपांना वारा लागू द्यायचा. पानं पिवळी पडून गळायची. पौषापर्यंत पेटीत नुसती वाळकी लाकडं टांगलेली दिसायची. पहिल्या वर्षी मला राहवेना, थोडंसं शिंपडू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "झोपलेल्याला पाणी पाजायचं नसतं." अधूनमधून ते पेटीपाशी जाऊन एखाद्या कांडीवर नखाची रेघ ओढायचे, बघायचे, आणि परत यायचे. शिमग्याच्या सुमारास त्याच उघड्या कांड्यांवर पांढरी फुलं यायची. पान नसताना फूल येतं, ह्याचं मला दरवर्षी नवल वाटायचं आणि ह्यांना माझ्या नवल वाटण्याचं.

हे गेले ते पौषातच. सकाळी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं आणि दुपारी परत आणलं. जाऊबाई आणि दीर वाडीवरून जीप करून आले. त्या दिवसाचं मला सलग काही आठवत नाही. अंगणात तीन दगड मांडलेले आठवतात. शेवटच्या आंघोळीचं पाणी घरातल्या शेगडीवर तापवत नाहीत, बाहेर तापवतात. त्यावर नवं मडकं होतं, आणि जाऊबाई उकिडव्या बसून फुंकर घालत होत्या. धूर माझ्यापर्यंत येत होता, एवढं आठवतं.

पेटी रिकामी आहे हे मला दहाव्याला कळलं. ती नुसती रिकामी नव्हती, लख्ख होती. शेवाळ, खडी, जाळी, काही नाही. जाऊबाईंनी घासूनपुसून ती पालथी घातली होती. मी तिथे उभी असलेली बघून त्या आल्या.

"बरी निघाली गो पेटी. केवढी घाण साचलेली आत," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पाण्याला लाकूड मिळंना. तुमच्या ह्या शहरात एक काटकी मिळायची नाय. मग ह्यात बघितलं तर बरी सुकी लाकडं टांगून ठेवलेली. म्हटलं भावजींनीच ठेवली असतील, त्यांच्याच कामाला आली."

मी "हं" म्हणाले.

"एक मेलं पेटंना. जाडं होतं. ते मोरीच्या झडपेला लावलंय बघ, वारं आलं की आपटत होती."

मी मोरीत गेले. खिडकीची झडप अर्धवट उघडी होती आणि तिच्याखाली ऐनाचा एक हातभर तुकडा उभा होता. एक टोक काळं झालेलं. दुसऱ्या टोकाला कांड्यांचा झुबका, आणि त्याभोवती माझ्या अबोली साडीच्या काठाचा दोरा. हा ह्यांनी गेल्या पावसाळ्यात बांधलेला होता. अजून कापला नव्हता.

जाऊबाईंना मी काहीच सांगितलं नाही. त्या माझ्यापेक्षा मोठ्या, लग्न होऊन आले तेव्हा ह्याच बाईंनी मला चुलीवर भाकरी उलटायला शिकवलेलं. दहा दिवस त्यांनी माझं घर चालवलं होतं. पान नसलेली फांदी म्हणजे लाकूड, हे त्यांच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि ज्या माणसाला सांगून उपयोग झाला असता, त्यानेच ती राबातून काढून आणली होती, आणि तोच आता नव्हता.

त्या गेल्यावर मी तो तुकडा पडवीतल्या खिळ्याला टांगला. पेटीत ठेवला नाही. पेटीकडे बघवत नव्हतं. तो जिता आहे का, हे बघण्यासाठी एक नख पुरलं असतं. रोज सकाळी मी चहा घेऊन त्याच्यासमोर उभी राहायची, नख लावायचं असं ठरवायची आणि चहा संपवून आत यायची. आतून तपकिरी निघालं असतं तर त्यांच्या हातचं काही उरलं नाही असं झालं असतं, आणि ते कळायला मला घाई नव्हती. फवाराही मारला नाही. कपाटात तो तसाच, अर्ध्या पाण्यासकट पडून होता. झोपलेल्याला पाणी पाजायचं नसतं, एवढं एकच मी धरून बसले होते. झोपलेला आणि गेलेला बाहेरून सारखाच दिसतो. हे मला त्या पडवीत जेवढं कळलं तेवढं कुठल्याच पुस्तकात कळलं नव्हतं.

माघ संपता संपता एका कांडीच्या पेरावर मोहरीएवढा फुगवटा दिसला. दुसऱ्या दिवशी मला तो भास वाटला. तिसऱ्या दिवशी दोन होते.

शिमग्याच्या आधी जाऊबाई दुखवटा काढायला आल्या. घरात माणूस गेलं की पहिला सण त्या घरात करत नाहीत. नात्यातलं कोणीतरी गोडाचं घेऊन येतं, दुःखातल्या माणसाला पाटावर बसवून खाऊ घालतं, आणि मग ते घर पुन्हा सणाला मोकळं होतं. त्या पुरणपोळ्या फडक्यात बांधून घेऊन आल्या होत्या. एसटीत कोणाचं तरी पोर त्यांच्या मांडीवर बसलं होतं म्हणून वरच्या दोन चेपल्या होत्या. "त्या मी खाईन, तू बऱ्या खा," असं त्यांनी दारातच सांगितलं.

हात धुवायला मागे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी गेले तर त्या खिळ्यासमोर उभ्या होत्या. सहा-सात फुलं उमलली होती, पांढरी, पातळ, वाऱ्याने हलणारी. त्यांचा हात मात्र फुलांवर नव्हता. त्या काळं झालेलं टोक चाचपत होत्या.

"हे ते मोरीतलं ना गो?"

"हो."

"ह्यावर काय नव्हतं तेव्हा."

"नसतंच ताई. थंडीत पानं गळतात त्याची."

त्यांनी एका फुलाला बोट लावलं. मग म्हणाल्या, "बाकीच्यांवर पण आली असती?"

खोटं बोलायची वेळ होती ती, आणि मला जमलं नाही. मी मान हलवली.

"भावजींची फुलं मी भावजींच्याच पाण्याखाली घातली." हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गप बसलीस. दोन शब्द बोलली असतीस तर तोंड झिजलं असतं तुझं?"

"बोलून काय परत येणार होतं?"

"नाय येणार. पण मी तुला पेटी घासली म्हणून सांगत बसले होते, ते तरी बंद केलं असतं."

मला हसू आलं. पौषापासूनचं पहिलंच. त्यांनाही आलं, पण त्यांचं लगेच मोडलं. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "चल, पोळ्या गार होतील." पोळ्या एसटीतच गार झाल्या होत्या. मला पाटावर बसवून त्यांनी पहिला घास भरवला. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "भावजी ती कुठून काढायचे? आमच्याच कवळातनं?"

"हो."

"आणि आम्ही म्हणायचो, भावजी राबात काय उकरतायत, शहरात गेल्यापासून डोकं फिरलंय."

चैत्रात त्यांचा फोन आला. "राब लावायचाय. त्याच्या आधी ये. बाकी काय ते इथं बघू." फोन बंद.

मी पहिल्या एसटीने पोलादपूरला उतरले आणि पुढे टमटमने वाडीच्या फाट्याला. चढ चढून शेतावर पोचले तेव्हा कवळाचा ढीग अर्धा रचलेला होता आणि जाऊबाई, पदर खोचून, त्याच्या मधोमध उभ्या होत्या. एकेक फांदी उचलायच्या, डोळ्यांजवळ न्यायच्या, बाजूला टाकायच्या. दीर शेणाची पाटी घेऊन बांधावर खोळंबले होते. शेजारच्या शेतातून एक बाई ओरडून विचारत होती, "काय गो काकी, मंगळसूत्र पडलं काय राबात?"

"नवरा पडलाय," जाऊबाईंनी वर न बघता उत्तर दिलं. "गावला तर देते तुला."

दीर हसले नाहीत. मला बघून म्हणाले, "सकाळपासनं असंच चाललंय. ह्या वेगानं जेठात पेटंल राब."

मी चपला बांधावर काढल्या आणि ढिगात शिरले. वाळक्या पानांचा चुरा पायाखाली मोडत होता. ऐनाच्या सालीचा कडवट वास ह्यांच्या सदऱ्याला यायचा, तोच. जाऊबाईंनी बाजूला तीन-चार फांद्या काढून ठेवल्या होत्या. दोन चुकीच्या होत्या. त्यांच्यावर खरंच बांडगूळ होतं. तसं मी सांगितलं, तर म्हणाल्या, "मला काय दोन्ही सारखीच." तिसऱ्या फांदीवर कांड्यांचा एक लहान झुबका होता, सुरकुतलेला, मातीच्या रंगाचा.

त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "हे जितं हाय का बघ."

पडवीतल्या त्या तुकड्याला महिनाभर जे नख लावायचं मला धाडस झालं नव्हतं, ते मी ह्या कांडीला लावलं. अगदी हलकं, ते ओढायचे तशी रेघ ओढली. जाऊबाई वाकून बघत होत्या. बांधावरून दीरही.

"आहे," मी म्हणाले.

"मग धर. पडवीत नाय, त्या पेटीत ठेव." त्यांनी फांदी माझ्या हातात दिली आणि पुढची उचलली.