मामींचा आवाज आणि मामांचा माईक

शीळफाट्यावरचा ट्रॅफिक जन्मात एकाच माणसाला घाबरला आहे, आणि तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे, माझ्या बायकोचे सख्खे मामा. मी स्वतः पाहिलंय. सोळा चाकांचा कंटेनर रस्त्यात आडवा, चारी बाजूंनी हॉर्न. मामा गाडीतून उतरले, गळ्यातली सोन्याची साखळी शर्टाच्या आत टाकली (भांडणात ती मधे येते) आणि ड्रायव्हरला असं काही ऐकवलं, की तो रिव्हर्स घेत घेत थेट गुजरातेत पोचला असावा. मामा चिडत नाहीत असा विषयच नाही. ते मिक्सरवर चिडतात, कॅलेंडरवर चिडतात. घोडबंदर रोडला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक बाई रेकॉर्डवर सारखी दरवाजा बंद करायला सांगते. मामा तिलाही सोडत नाहीत. "तुला येवढं कलतं ना, मंग तूच कर की बंद!" योगायोग बघा, त्या दिवसापासून ती बाई गप्प आहे. सोसायटीचा सेक्रेटरी वायर तुटली म्हणतो. मला खरं कारण माहीत आहे.

शीळफाट्याच्या आत त्यांचं गाव. वडिलांच्या भातशेतीवर आता बावीस मजले उभे आहेत, तेव्हा मामांनी झोपाळ्यावर बसून राहायला हरकत नव्हती. पण त्यांनी माईकचा धंदा सोडला नाही. पंचक्रोशीतल्या प्रत्येक हळदीला कर्णे त्यांचे, ॲम्प्लिफायर त्यांचा आणि अर्थातच ओरडणं त्यांचं. "नवऱ्याचा मावसा जिथं असल तिथून मांडवात यावा, नायतर हलद तशीच सुकल!" ही सूचना ऐकून एकदा कल्याणचे दोन अनोळखी मावसे येऊन बसले होते म्हणतात. आणि मामी होत्या धवलारीण. आगरी लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, पण धवले गाणारी बाई नसली तर हळदीचं बोटही कोणी नवऱ्याला लावत नाही. मामींच्या आवाजात लग्न लागलं नाही असं घर त्या गावांत सापडणं कठीण. नव्या बायका धवले शिकेनात, तेव्हा मामांनी एका दुपारी मामींना ओटीवर बसवून सगळे धवले रेकॉर्ड करून घेतले. आज सहा वर्षांनंतरही प्रत्येक मांडवात तेच वाजतात. त्यात एक जागा आहे. मामी गाता गाता मधेच थांबतात, एक क्षण शांतता, आणि मग मामांचा आवाज कडाडतो, "थांबलीस कशाला? बोल पुढं!" मामी पुन्हा गायला लागतात. या जागेवर अख्खा मांडव हसायचा. पोरं तर आधीपासून दबा धरून बसायची आणि मामांबरोबर एका सुरात ओरडायची. मीही ओरडलोय.

रेकॉर्डिंगनंतर चार महिन्यांनी मामी गेल्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. मामा त्याला नुसतं "त्यो आजार" म्हणतात.

मागच्या दिवाळीनंतर मामा आमच्याकडे जेवायला आले होते. माझी तेरा वर्षांची मुलगी दंड चोळत बसली होती. "काय झालं गो बाय?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही आजोबा, लस घेतली. दुसरा डोस. आजीला झालेला ना, तो कॅन्सर होऊ नये म्हणून."

मामांनी उचललेला घास खाली ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, काटा अडकला. मग त्यांनी पान सरकवलं. "या आजाराची सुई हाय? कवापासून?"

बायकोने समजावलं, की मामा, लस लहान वयात घ्यायची असते, मामींना ती तेव्हा उपयोगी पडली नसती. त्यांची साधी तपासणी वेळेवर झाली असती तरी पुष्कळ होतं. मामांनी ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. एरवी ते मला "जावयबापू, तुमी" म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, "तुमच्या टॉवरला कोनी सांगितलं रं?"

मी सांगितलं. मुलांच्या डॉक्टरांनी आठवण केली, आयांच्या ग्रुपवर चर्चा झाली, मग क्लबहाउसमध्ये शिबिर भरलं. शिबिरात कॉफी होती, हे मी कशाला सांगितलं कोण जाणे.

"कॉफी!" मामा उठले. "हितून माजं गाव किती लांब? माजिवड्यावरनं गारी सुटली का अर्धा-पाऊन तास. बिल्डर आमाला शोधत आला, निवडनुकीवाला आला, केबलवाला आला. सुईला तेवढा रस्ता गवसला नाय? आन तू जावय ना रं आमचा? तुला म्हाईत व्हतं. माज्या नातीला का नाय सांगितलंस?"

त्यांची नात माझ्या मुलीपेक्षा एक वर्षाने मोठी. दोघी एकाच ताटात वडे खातात. आणि मला एकदाही सुचलं नव्हतं. मामा अर्धं जेवण टाकून गेले, आणि लिफ्टमध्ये कोणावर न चिडता गेले. ते मला जास्त लागलं.

काही महिन्यांनी गावच्या आरोग्य केंद्रात चौदा वर्षांच्या मुलींना ही लस फुकट मिळायला लागली. मला वाटलं, प्रश्न मिटला. पण मामांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, अडून बसला. मोबाइलवर त्याला कोणीतरी कसलंसं पाठवलं होतं, ही सुई घेतली की पोरीला मूल होत नाही. वर त्याचं स्वतःचं ज्ञान: "फुकट देतात म्हंजी कायतरी घोल हाय. आन चौदा वर्षांच्या पोरीला ती सुई कशाला, असं उद्या सोयरिकीला कोन बोललं तर?" नर्सबाई दोनदा घरी आल्या, शांतपणे सगळं सांगून गेल्या. तिसऱ्यांदा मेहुण्याने कुत्रा मोकळा सोडला. इकडे आमच्या टॉवरमध्ये बायका मुलींना तीच लस स्वतःच्या खर्चाने द्यायला नंबर लावत होत्या. मधे अर्धा-पाऊण तासाचा रस्ता. माझं डोकं फिरलं, तिथे मामांचं काय झालं असेल!

मामांनी मुलाशी तोंडाने बोलणं बंद केलं. माईकवरून सुरू केलं. गच्चीवर कर्णा, तोंड अंगणाकडे. "सूचना! सूचना! या घरात खाली ऱ्हाणाऱ्या इसमाला कलवन्यात येतं, का पोरगी येत्या म्हयन्यात पंधरा वर्षांची व्हनार. मंग केंद्रावर नाय म्हनतील. चहा झाला आसल तर वर पाठवावा!" चहा वर जायचा. लसीच्या संमतीपत्रावर सही काही होत नव्हती. नात मात्र एकदा जिन्यात उभी राहून म्हणाली, "आजा, मला सुईची भीती नाय, तुमच्या कर्ण्याची हाय. माजी इज्जत जाते शालेत."

मग शेजारच्या घरातली हळद आली. आम्हीही गेलो होतो. मांडव खच्चून भरलेला, बायका हिरव्या साड्यांत, नवरा पाटावर, हळदीची वाटी तयार. मामींचा आवाज सुरू झाला. ती जागा जवळ आली, पोरांनी श्वास भरला, मी पण भरला. मामी थांबल्या. आणि मामांनी मशीनच बंद केलं.

"आज कोन हसनार नाय," ते माईकवर म्हणाले. "तुमाला वाटतं, ही इसरली म्हनून थांबली. तिला तवा वरीसभर रगत जात व्हतं. कोनाला बोल्ली नाय, लाज वाटली. गाता गाता पोटात कल आली म्हनून थांबली, आन मी आरडलो. डाक्टर बोल्ला, आदी आनली आसती तर. तुमी सहा वर्सं त्यावर हसताव." मांडवात ताशेवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. "आता सांगा. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी हितं किती? सुई कोनी घेतली? हात वर करा."

माझ्या मुलीचा हात वर गेला. एकटीचा. पाहुणीचा.

"मंग हिचा आवाज तुमाला कशाला पाहिजे? ज्या घरची पोर सुईशिवाय ऱ्हायल, त्या घरात माजी बाय गानार नाय. लावा डीजे."

नवऱ्याची आई रडायला लागली. धवल्याशिवाय हळद कशी लागणार? कोणीतरी मामांना शिव्या दिल्या, त्यांनी त्या माईकवर परत केल्या. त्या गोंधळात नात उठली आणि बापापुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, आजीसारखं मला थांबायचं नाय." एवढंच. मेहुण्याने पाटावर खोळंबलेल्या नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "लावा वो बाबा गानी. नेतो मी तिला मंगलवारी."

नेली. मी सुट्टी टाकून गेलो होतो. नर्सबाई कुत्र्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. नातीने हूं की चूं केलं नाही, मेहुण्यालाच घेरी आली. त्या मंगळवारनंतर गावातल्या बऱ्याच पोरी गेल्या, सगळ्या नाही गेल्या. दोन घरांनी लग्नाला पनवेलचा साउंडवाला आणला, तर मामा रस्त्यावर उभे राहून त्याच्या टेम्पोवर इतके चिडले, की टेम्पोची हवा गेली. चारही चाकांची. त्यात राग किती आणि खिळा किती, मी विचारलं नाही.

परवा माझी मुलगी त्यांना म्हणाली, "आजोबा, तुमचं ते ओरडणं मी फोनवर एका मिनिटात काढून देते. आजीचा आवाज तेवढा राहील." मामा म्हणाले, "नको गो बाय. ऱ्हाऊ दे. मी कसा व्हतो ते कलू दे लोकांना."

आता त्या जागेवर मांडवात कोणी हसत नाही. मामी थांबतात, मामांचा जुना आवाज कडाडतो, "थांबलीस कशाला?" आणि ॲम्प्लिफायरपाशी बसलेले मामा माईक बाजूला ठेवून, मशीनकडे जरासं वाकून म्हणतात, मी शेजारी असतो म्हणून मला ऐकू येतं, "बस गो. बस जरा. घाई नाय."