सुमनताईंनी भाजलेला डबा

कोणी न मागितलेल्या परीक्षेत मला नापास करणारी बाई आज सकाळी गेली.

सुमनताई. अमरावतीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल लॅबच्या डेमॉन्स्ट्रेटर. मूळ तिवस्याच्या. छप्पन साली घराने दीक्षा घेतली, आणि वडिलांनी मजुरी करून मुलीला शिकवलं.

मी अकोल्याचा. साठच्या दशकातली गोष्ट. नुकताच डिप्लोमा झालेला, म्हणजे स्वतःला फारच मोठा इंजिनिअर समजणारा.

आमचा छोटा कारखाना होता. मोटरच्या वायरी जिथे जोडतात ते लोखंडी जंक्शन बॉक्स आम्ही कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी बनवायचो. आम्ही सरळ 'डबे' म्हणायचो.

कापसाचा सीझन संपला की कारखाना झोपायचा. कामगार घरी बसायचे.

अशात मुंबईच्या एका कंपनीचं पत्र आलं. समुद्राकाठी अणुवीज केंद्र होतंय, तिथे डबे हवेत. कधी अपघात झाला, पाइप फुटून खोली गरम वाफेने भरली, तरी आतल्या वायरींना ओल लागता कामा नये. सॅम्पल वाफेत तपासून रिपोर्ट पाठवा.

पास झालो तर कारखान्याला बारा महिने काम. बाबांनी ते पत्र देवघरात ठेवलं.

डिझाइन माझं. बडनेऱ्याला गाडी बदलून, डबा मांडीवर घेऊन मी अमरावतीला गेलो. तान्हं बाळ नेल्यासारखा.

ती लॅब अजून माझ्या स्वप्नात येते.

उन्हाळ्याची सुट्टी. कॉरिडॉर रिकामे. खिडक्यांना खसच्या ताट्या, त्यातून झिरपणारा मंद उजेड. बॉयलरची वाफ टाकीत शिरतेय, टाकीत माझा डबा. सुमनताई मेगरचं हँडल फिरवतायत.

मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र. सुई शून्यावर आली की समजायचं, वायरीत ओल शिरली.

सुई हलली नाही.

मी पेढे आणायला उठलोच होतो.

"थांबा भाऊ. हा डबा नवा असतानाच तिथं आफत येईन, असं कोनं सांगतलं तुमाले?"

"म्हणजे?"

"दहा वर्षांनं आली तं? तवा हा म्हतारा झाला असंन. आपण याले आधी म्हतारा करू, मंग वाफ देऊ."

पत्रात असलं काही लिहिलंच नव्हतं. पण बाईंपुढे बोलायची माझी काय टाप! उष्णतेने वस्तू लवकर म्हातारी होते, म्हणून आठ दिवस डबा गरम ओव्हनमध्ये राहिला.

नवव्या दिवशी ओव्हन उघडला आणि सुमनताई चक्क हसल्या.

"भाऊ, भजे कोनं तळले आतमंदी?"

झाकणाच्या रबरी पट्टीवर बोटाने सरकीचं तेल फिरवायचं, ही आमच्या कारखान्याची पद्धत. झाकण मस्त बसायचं. बाबा प्रत्येक पट्टीला स्वतः लावायचे, त्यांचे वडीलही लावायचे. अकोल्यात तेलाला काय तोटा!

त्या तेलाने आठ दिवसांत रबर खाल्लं होतं. पट्टी चिकट झालेली, चिरलेली.

डबा पुन्हा वाफेत गेला. सुई झोपली. थेट शून्यावर.

"मी दोन्ही लिहीन," त्या म्हणाल्या. "नवा पास. म्हतारा नापास."

मी हातापाया पडायचाच बाकी होतो. "ताई, म्हाताऱ्या डब्याचं कोणी विचारलंच नाही हो. एवढी ओळ गाळा. घरी सगळे वाट पाहून राहिले."

त्या रागावल्या नाहीत. समोरचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बसा. डोये मिटा."

मिटले.

"समजा, तुमी तिथं केंद्रात आहा. खोलीत वाफच वाफ. इतकं गरम, का आत मानूस जाऊच शकत नाही. भायेर एक जन बटन दाबून राहिला. वॉल्व्ह बंद करणाऱ्या मोटरची वायर तुमच्या डब्यातून गेली हाये. अन् त्याले वाटते, डबा पास हाये."

समुद्र आम्ही दोघांनीही तोवर पाहिला नव्हता. पण ती खोली मला दिसली. पांढरी, बिनआवाजाची. बाहेर उभा माणूस पुन्हा पुन्हा बटन दाबतोय. आधी त्याला चेहरा नव्हता. मग तो बाबांसारखा दिसायला लागला.

मी डोळे उघडले.

"डबा द्या ताई," मी म्हणालो. "दुसरा आणतो."

अकोल्यात बाबा भडकले.

"कोऱ्या मालाले भट्टीत घालून म्हतारा करते, अन् मंग म्हणते टिकला नाही! माह्या बापानं लावलं तेल. एकाही जिनिंगवाल्यानं तक्रार केली काय?"

मी ती पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली.

ती बोटांना चिकटली. बाबा अंगठ्याने बराच वेळ चोळत राहिले. मग धोतराला हात पुसून म्हणाले, "उद्यापासून कोरडी बसव."

त्यांना तेवढं म्हणायला किती जड गेलं असेल, हे मला फार उशिरा कळलं.

कोरड्या पट्टीचा डबा सुमनताईंनी पुन्हा भाजला, पुन्हा वाफेत घातला. सुई जागची हलली नाही. रिपोर्ट गेला, ऑर्डर आली. त्या वर्षी सीझननंतर आमच्याकडचं कोणी घरी बसलं नाही.

काही वर्षांपूर्वी त्या केंद्रातून रिटायर झालेले एक इंजिनिअर भेटले. म्हणाले, "तुमच्या नावाचे जुने डबे होते. मुदत संपली म्हणून काढून टाकले. एकदाही वाफ लागली नाही त्यांना."

मी लगेच सुमनताईंना फोन केला.

त्यांनी इंजिनिअरचं ते शेवटचं वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"बरं झालं भाऊ," त्या म्हणाल्या. "लय बरं झालं."

उद्याच्या पेपरात त्यांच्याबद्दल एक ओळही येणार नाही. अपघाताच्या ज्या दिवसासाठी त्या बाईंनी एवढा जीव ओतला, तो दिवस कधी आलाच नाही.

मला आज फार रडू येतंय.

भरल्या मनाने आदरांजली, ताई.