गुऱ्हाळ दोनदा आलं

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी शिरूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तिथं निमोण्याचे एक निवृत्त गुरुजी आले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. त्यांच्या तोंडचे शब्द गुरुजींनी वह्यांत लिहून ठेवले होते, त्यांचा छोटा कोश करायचा होता. निम्मे शब्द दौंडला दिलेल्या त्यांच्या मुलीनं टाइप करून सीडीवर पाठवले, निम्मे मी केले. दुबार आलेले गाळून सगळे अकारविल्हे लावायला मी एक प्रोग्रॅम लिहिला.

गुरुजींनी छापलेला कागद वाचला आणि ते थांबले.

"काळीज कासऱ्याच्या आधी कसं? 'ळ' तर 'ह'च्या मागनं येतो. जन्मभर तेच शिकवलं म्या."

मी शोधलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर असतो आणि 'ळ'चा नंबर 'ल'च्या लगेच पुढचा. प्रोग्रॅम फक्त नंबर बघत होता.

"बरं. पण हे गुऱ्हाळ दोनदा कशापायी?"

दोन्ही शब्द एकाखाली एक, अगदी सारखे दिसत होते. दोन्ही एकच आहेत का, असं प्रोग्रॅमला विचारलं तर उत्तर आलं, नाही.

"दौंडाकडं निराळं बोलत असतील," गुरुजी म्हणाले, पण त्यांनाच ते पटलं नाही.

मी प्रोग्रॅमला अक्षरं मोजायला लावली; तो काना, उकार, पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजतो. एकात सात निघाली, दुसऱ्यात आठ. गुरुजींनी बोटांवर मोजलं, "गु, ऱ्हा, ळ. तीनच हायेत की."

दोन दिवस माझं डोकं चालेना. मग कळलं, 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप करता येतो आणि त्यातल्या एकीत न दिसणारी एक खूण मधे बसते. मुलीचा कीबोर्ड वेगळा होता. मी सगळीकडे एकच तऱ्हा केली.

क्रमासाठी गुरुजींना वर्णमाला लिहून मागितली. 'ळ'पर्यंत त्यांनी भराभर लिहिली आणि 'क्ष'ला पेन थांबलं.

"पोरांना शेवटी शिकवला. पण फोड केली तर 'क'मध्ये जातो. काय करायचं?"

मला विचारून उपयोग नव्हता. ते घरी जाऊन आठवडाभर विचार करून आले आणि म्हणाले, शेवटीच ठेव. मी तसं केलं, यादी पुन्हा लावली. 'क्ष'नं सुरू होणारा शब्द त्या वह्यांत एकही नव्हता.