आतोबांची पलटण

माझी आत्या बडोद्यात नर्सिंग शिकली, इंग्लंडला नोकरीला गेली आणि तिथे तिने एका इंग्रज शिपायाशी लग्न केलं. घोटा मोडून तो तिच्या वॉर्डात आला होता. आजोबांनी दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. मग एका हिवाळ्यात ती दोघं पहिल्यांदा घरी आली, तेव्हा आजोबांनी जावयाला समोर बसवून एवढंच विचारलं, "घोडदळ की पायदळ?"

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत पायी शिपाई होते. घोडेस्वारांबद्दल आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बरं बोललं जात नसे.

"पायदळ," आत्याने विचारून सांगितलं.

"मग ठीक आहे," आजोबा म्हणाले. "पाटावर बसता येतं का विचार."

येत नव्हतं. ते दोन्ही पाय समोर लांब सोडून, मांडीवर ताट घेऊन जेवले. त्या दिवसापासून ते आमचे आतोबा झाले. त्यांना नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. दांडिया बाजारातला भाजीवालासुद्धा त्यांना 'आतोबाभाई' म्हणायचा. त्याला तेच त्यांचं नाव वाटत असणार.

दोघं निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्याच बिल्डिंगमध्ये एक लहान फ्लॅट घेतला. दिवाळीला यायचे आणि उत्तरायणचे, म्हणजे संक्रांतीचे, पतंग उडवून झाले की जायचे. आतोबांची भाषा अर्धी आत्याच्या स्वयंपाकघरातली मराठी आणि अर्धी रिक्षावाल्यांची गुजराती. माझ्या बाबांना ते आत्यासारखंच 'दादा' म्हणत. सकाळी जिन्यात भेटले की, "दादा, केम छो, चहा झाला काय?" बाबा रिफायनरीतून निवृत्त झालेले. दोघं रोज कमाटी बागेत फिरायला जायचे आणि परत येताना काहीतरी तळलेलं खाऊन यायचे. खिशात राहिलेल्या कागदाच्या तेलावरून आत्याला ते कळायचं.

इंग्लंडमध्ये आतोबांच्या पलटणीतल्या जुन्या सैनिकांची एक मंडळी होती. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती जमायची आणि त्या वर्षी गेलेल्या सोबत्यांच्या आठवणी सांगायची. बडोद्यातल्या पहिल्या हिवाळ्यात तो रविवार आला तेव्हा आतोबा बागेत फिरायलाच निघाले नाहीत. बाबांनी कारण विचारलं. ते ऐकून बाबा म्हणाले, "इथे कर. माणसं मी आणतो."

"पण इथे त्यांना कोण ओळखतं?"

"ओळख तू करून दे."

अशी ती सभा सुरू झाली. आमच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, सतरंज्या पसरल्या. घरचे सगळे आले, खालच्या मजल्यावरचं फरसाण करणारं गुजराती जोडपं आलं आणि जवळच्या सावली गावाहून सुभेदारकाका आले. सुभेदारकाका बाबांचे शाळेतले मित्र. आपल्या पायदळात सबंध नोकरी करून आता शेती बघत होते. तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन ते बसने आले. आतोबा इस्त्रीच्या कोटात आले. छातीवर पदकं, कोटाला मेलेल्या शिपायांच्या आठवणीचं लाल कापडी फूल आणि पायांत तोंड दिसेल असे बूट. ते बूट घालून सतरंजीवर यायचं नाही, असं आत्याने बजावल्यामुळे ते कडेला उभे राहूनच बोलले.

ते इंग्रजीत सांगत आणि मी मराठीत. मी तेव्हा नुकतीच अलकापुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात लागले होते. दिवसभर पेशंटना डॉक्टरांचं इंग्रजी समजावून सांगायची सवय होती, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि मग दरवर्षी माझ्याकडेच राहिलं.

मला वाटलं होतं लढाया ऐकायला मिळतील. आतोबा लढायांबद्दल फार बोलत नसत. ते माणसाची सबंध नोकरी सांगायचे. भरतीच्या दिवसापासून पेन्शनपर्यंत. त्यांचा एक नियम होता. प्रत्येकाच्या नोकरीतलं एक जेवण आणि एक शिक्षा सांगायचीच. "नोकरीत एकदाही शिक्षा न झालेल्या माणसाबद्दल मी बोलत नाही," ते म्हणाले. "अजून असा कोणी मेलेला नाही."

खाटकाचा एक मुलगा होता, त्याने वीस वर्षं कंपनीचा स्वयंपाक केला आणि कर्नलपेक्षा सगळे त्यालाच घाबरायचे. दुसरा एक बँडमध्ये बासरी वाजवायचा. फुटबॉल खेळताना पुढचे दोन दात पडले, म्हणून त्याला मोठ्या ढोलावर टाकलं. तिथे तो इतका रमला की नवे दात बसवून मिळाले तरी बासरीला हात लावेना. तिसऱ्याला ट्रक चालवायला आवडायचं. बढती मिळाली तर ट्रक सुटेल, म्हणून दर वेळी बढतीची वेळ आली की तो काहीतरी लहानसा गुन्हा करायचा आणि शिक्षा घेऊन आनंदाने परत गाडीवर बसायचा.

सुभेदारकाका मांडीवर थाप मारून हसले. "आमच्याकडे होता असा एक. अगदी हाच."

पुढे पुढे ही माणसं आमच्याच गल्लीतली असावीत असं झालं. खालच्या काकी चेवडा परतता परतता आतोबांना म्हणायच्या, "पेला ढोलवाळा भाईनी वात फरी कहो ने." म्हणजे त्या ढोलवाल्याची गोष्ट पुन्हा सांगा. आणि आतोबा जिन्यातच उभे राहून पुन्हा सगळं सांगायचे, पडलेले दात दाखवायला स्वतःच्या कवळीला हात लावून.

काही वर्षांपूर्वी बाबा गेले. तो पावसाळा होता, आतोबा इंग्लंडमध्ये होते. दिवाळीला आले ते थेट आईपाशी येऊन बसले. मग स्वतः उठून सगळ्यांसाठी चहा केला. त्यात आलं इतकं घातलं की आईला ठसका लागला आणि ती हसली. त्या नोव्हेंबरात सभा झाली, पण बाबांबद्दल ते काही बोलले नाहीत. मला ते जाणवलं. मग मनात म्हटलं, ही शिपायांची सभा आहे, बाबा थोडेच शिपाई होते.

गेल्या वसंतात आतोबाही गेले. झोपेतच. आत्याने फोनवर फार शांतपणे सांगितलं. दसरा झाल्यावर तिचा पुन्हा फोन आला.

"मी येतेय. त्याचे दोन मित्र बरोबर येतायत. सभा करायची म्हणतात. त्यांना म्हटलं, तुम्हाला तिथलं ऊन सोसायचं नाही. तर म्हणतात, सायप्रसचं ऊन काढलंय."

दोघेही ऐंशीच्या घरातले. एक उंच, सरळ, मृदू बोलणारे. ते आतोबांच्या कंपनीत अधिकारी होते. दुसरे बुटके, दोन्ही कानांत यंत्रं लावलेले. ते आतोबांबरोबर एकाच दिवशी भरती झालेले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बुटक्या काकांनी सयाजीगंजमध्ये शेव-उसळ खायचा हट्ट धरला. आतोबांनी त्यांना तिचं वर्णन करून ठेवलं होतं. पहिल्या घासाला त्यांचे डोळे वाहायला लागले. मी पाणी पुढे केलं, तर हातानेच नको म्हणाले आणि वरून आणखी रस्सा मागून घेतला. उंच काका कोरडा पाव खात शांतपणे बघत होते. म्हणाले, "याला पहिल्यापासून कुठे थांबायचं ते कळत नाही."

रविवारी सतरंज्या अंथरल्या. पाहुण्यांना खुर्च्या दिल्या. पण सांगणार कोण, असा प्रश्न आला आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आतोबांनी शंभर जणांच्या नोकऱ्या सांगितल्या असतील, स्वतःची कधी सांगितलीच नव्हती.

"मला अर्धीच माहीत आहे," आत्या म्हणाली. "मला भेटला तेव्हा तो सार्जंट झालेला होता. आधीचं विचारलं की म्हणायचा, आधी मी गाढव होतो."

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर दोघे पाहुणे एकमेकांकडे बघून हसायला लागले. बुटके काका खुर्चीला धरून उभे राहिले.

"तो तुमच्याशी खरं बोलला," ते म्हणाले. "गाढव खरंच होतं."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आतोबा पोरवयात बेकरीत कामाला होते. पहाटे उठायचा कंटाळा आला म्हणून सैन्यात गेले, आणि तिथे त्याहूनही लवकर उठवायला लागले. सायप्रसमध्ये त्यांना बाहीवर बढतीची पहिली फीत मिळाली.

"म्हणजे आपला लान्स नाईक," सुभेदारकाकांनी मध्येच सांगितलं.

तिथे एक म्हातारी रोज आपल्या गाढवावर पाणी लादून छावणीवरून जायची. एक दिवस गाढव लंगडायला लागलं. आतोबांनी त्याला छावणीत आणून दवाखान्याच्या तंबूत बांधलं, पायाला औषध लावलं, पट्टी बांधली आणि वर डॉक्टरांच्या नोंदीत त्याला रुग्ण म्हणून भरती करून घेतलं, नाव आणि हुद्द्यासकट. हुद्दा लान्स कॉर्पोरल लिहिला, स्वतःचाच. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला आले.

"फीत गेली," बुटके काका म्हणाले. "याची. गाढवाची कोणी काढली नाही."

सुभेदारकाका डोळे पुसत होते. आत्या पदर तोंडाशी धरून अशी हसत होती की मला तिची काळजी वाटायला लागली. "अहो, पण मला सांगायचं ना," ती कोणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे.

मग उंच काका उठले. जेवण माझ्याकडे आहे, म्हणाले. तोवर आतोबांच्या फिती परत आल्या होत्या, वाढल्याही होत्या आणि कंपनीच्या खाण्यापिण्याचं, कपड्यालत्त्याचं सगळं त्यांच्या हातात आलं होतं. जर्मनीत बर्फातला सराव चालू होता. उंच काका नुकतेच आलेले, अगदी कोवळे अधिकारी. त्यांची तुकडी टेकडीवर अडकलेली. आतोबांचा जेवणाचा ट्रक खाली रस्त्यावर रुतला. सगळे धरून चालले होते की आज उपास. अंधार पडायच्या आत बर्फातून तीन आकृत्या वर येताना दिसल्या. आतोबा आणि दोन शिपाई, मटणाच्या रश्श्याचे डबे पाठीला बांधून.

"झाकण काढलं तर वर बर्फाची साय," उंच काका म्हणाले. "मी म्हटलं, हे गोठलंय. तर मला सलाम ठोकून म्हणतो, सर, आधी आइस्क्रीम खाऊन घ्या, जेवण खाली आहे."

"आम्ही त्या माणसाला सीक्यूएमएच म्हणतो," सुभेदारकाका आम्हाला म्हणाले. "क्वार्टर मास्टर हवालदार. कंपनीत देवाच्या खालोखाल तोच." मग ते उठून उंच काकांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "साहेब, खाल्लंत ते बरोबर केलंत."

मला वाटलं आता चहा आणावा. मी उठायला लागले तर बुटके काका म्हणाले, "थांब. अजून एक नोकरी राहिली आहे. ती त्याने आम्हाला सांगितली होती. इथे सांगायला जमलं नाही, म्हणाला. तिच्या आईसमोर माझा आवाज राहणार नाही, म्हणाला."

मी हे भाषांतर करून सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं की ती आई म्हणजे माझीच आई.

त्यांच्या मंडळीचं दर मे महिन्यात एक जेवण असतं. बाबा गेल्यानंतरच्या मे महिन्यात आतोबा त्या जेवणात उभे राहिले आणि म्हणाले, मला बडोद्याच्या एका माणसाची नोकरी सांगायची आहे. मंडळीच्या अध्यक्षांनी हरकत घेतली. तो पायदळातला नव्हता. आतोबा म्हणाले, "तीस वर्षं उन्हात चालत, हातात पाना घेऊन, एकेक पाईप तपासत फिरला. याला पायदळ नाही तर काय म्हणतात?" अध्यक्ष खाली बसले.

आणि मग आतोबांनी सगळं सांगितलं. सायकलवरून रिफायनरीच्या फाटकाशी गेल्याचा पहिला दिवस. शिफ्टवरचा डबा, त्यातली पुरणपोळी, जी होळीच्या दिवशी बाबा आठ जणांत वाटायचे आणि स्वतःला तुकडाच ठेवायचे. ते जेवण झालं. शिक्षा म्हणजे एक मेमो. एक मांजर कंट्रोल रूममधल्या कपाटात व्यायली होती आणि बाबांनी आठवडाभर कपाटाला कुलूप लावून, मांजरीला तेवढं स्वतः आत-बाहेर सोडत, आतले कागद हवे असलेल्या प्रत्येकाला परत पाठवलं होतं.

मी इथपर्यंत आले आणि पुढे बोलता येईना. सुभेदारकाकांनी ते ओळखलं. त्यांनी पाहुण्यांना हात केला आणि पुढचं भाषांतर स्वतः सुरू केलं. ते शिपाईगडी, मोठं वाक्य लहान करून सांगायचे. बुटके काका भरभरून चार वाक्यं बोलले की सुभेदारकाका म्हणायचे, "माणूस चांगला होता. पुढे."

आई अजून मांजरापाशीच होती. म्हणाली, "पाच पिल्लं होती. त्यातली दोन घरी आणली होती. तू लहान होतीस. मेमो मिळाला हे मात्र मला बोलले नाहीत."

"आतोबांना बोलले," आत्या म्हणाली.

"बागेत बोलत असणार," आई म्हणाली. "मला वाटायचं या दोघांना नुसतं भजी खायला जायचं असतं." आणि ती हसायला लागली. ती हसली तशी खालच्या काकीही हसल्या आणि त्यांनी चेवड्याचा डबा आधी बुटक्या काकांपुढे धरला.

दुपारी उंधियू, पुऱ्या आणि बासुंदी झाली. पंक्तीत उंच काकांनी पाट मागून घेतला आणि कसेबसे बसले. उठवायला मात्र दोघं लागले. जेवणानंतर सगळे खाली गेले. मी आणि आत्या सतरंज्या गोळा करायला वर गेलो तर दोन्ही पाहुणे अगाशीच्या उन्हात, खुर्च्यांत गाढ झोपलेले. बुटक्या काकांच्या कानातली यंत्रं काढून मांडीवर ठेवलेली होती.

"यांना उठवू का? ऊन लागेल," मी विचारलं.

आत्याने वर बघितलं. कठड्यावरून शेजारच्या टाकीची सावली त्यांच्याकडे सरकत होती.

"येतेय सावली," ती म्हणाली. "झोपू दे."

आम्ही त्यांच्या खुर्च्यांखालची सतरंजी तशीच ठेवली आणि बाकीच्या घेऊन खाली आलो.