सात दारांचं चर्च

गडचिरोली नुकताच चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी राजुऱ्याचा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि आमच्या घरात आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून देव नव्हता. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा हातात आला आणि पहिलीच नोकरी मिळाली ती आलापल्लीच्या रस्त्यावरच्या एका गावात, चर्चच्या बांधकामावर सुपरवायझर म्हणून. आई म्हणाली, "आपल्या घरात देव नाई, आन् तू देवाचं घर बांधाले चालला?" वडील जेवत होते. ते म्हणाले, "भिंत सरळ बांध म्हंजे झालं."

गावातलं जुनं चर्च म्हणजे एक गोदाम होतं. कुण्या व्यापाऱ्याने तेंदूपत्ता आणि हिरडा साठवायला बांधलेलं, ते मिशनने विकत घेतलं होतं. जाड विटांच्या भिंती, वर टिनाचं छप्पर, छपराच्या खाली गज बसवलेले हातभर झरोके आणि पुढे दोन फळ्यांचं एकच दार. माल चोरीला जाऊ नये हाच त्या बांधणीचा सगळा विचार. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, चालू असताना आत उभं राहिलं की अजून पानांचा कडवट वास यायचा. आमचं सिमेंट आणि हत्यारंही तिथेच मागच्या कोपऱ्यात ठेवलेली असत.

नव्या चर्चसारखं मात्र मी कागदावरही कधी काही पाहिलं नव्हतं. नागपूरच्या आर्किटेक्ट साहेबांनी हातपंख्यासारखा नकाशा काढला होता. निमुळत्या टोकाला वेदी, तिथून लोक बसायची जागा उघडत जाणारी, मागे गोलाईची भिंत. वर काँक्रीटचं घड्याघड्यांचं छप्पर, लहान मुलं कागदाचा पंखा करतात तसं, आणि आत एकही खांब नाही. गोल भिंतीच्या मधोमध एकच दार, तेही बुटकं. दारातून आत आलं की थोडा अंधार, मग उताराची फरशी आणि समोर वेदीवर छपराच्या फटीतून पडणारा उजेड. "माणसाने वाकून अंधारात शिरावं आणि उजेडाकडे चालत जावं," साहेब म्हणाले होते. फादरना ते फार आवडलं होतं. मलाही.

फादर केरळचे होते. मराठी पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे बोलतानाही पुस्तकातलंच बोलायचे. गवंड्याला म्हणायचे, "आपण कृपया ही वीट पुन्हा लावावी." गवंडी आधी हसायचे, मग वीट लावायचे.

नव्या चर्चच्या कडेचे खांब दाराच्या उंचीपर्यंत आले होते. त्या दिवसांत एका दुपारी हापशीवर एक बाई आली. पंचविशीची असेल. पाणी प्यायला वाकली तेव्हा लुगड्याचा पदर सरकला आणि तिची पाठ दिसली. पट्ट्याचे वळ होते, काही सुकलेले, काही ओले. नाल्यापलीकडे लाकूडतोडीचा कूप होता, म्हणजे जंगलाचा तोडीला दिलेला तुकडा. तिथल्या ठेकेदाराच्या दिवाणजीने तिला मजुरीला आणलं होतं आणि मग स्वतःच्या झोपडीत ठेवून घेतलं होतं. पळाली की धरून आणायचा आणि सगळ्या मजुरांसमोर मारायचा.

फादरनी तिला गावातल्या एका म्हाताऱ्या गोंड जोडप्याकडे ठेवलं. म्हातारा गावातला पहिला ख्रिस्ती. रविवारी मिस्सेच्या आधी रुळाचा तुकडा लोखंडाने बडवून घंटा द्यायचं काम त्याचं. ती बाई दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे घमेली वाहू लागली. बोलायची फार कमी. एकदा मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. "म्हून तं बाहीर झाडाखाली नाई झोपत, अंदर कडी लावून झोपते."

दिवाणजी आधी एकटाच सायकलवर आला. पांढरं धोतर, पायात पॉलिश केलेले बूट. माझ्याशी अगदी अदबीने बोलला. "ओव्हरसीअर साहेब, आमची एक बाई चुकून इकडं आली. पाठवून द्या."

मी काही बोलायच्या आत म्हातारा म्हणाला, "बाई कोनाची नोहे. तिची तीच हाय."

दिवाणजी हसला. म्हाताऱ्याच्या खांद्यावर थाप मारली आणि गेला.

पुढच्या रविवारी सकाळी मिस्सा सुरू होती. मी आणि दोन गवंडी त्या धर्माचे नव्हतो, म्हणून आम्ही खांबांना गुंडाळलेल्या पोत्यांवर पाणी मारत होतो. गोदामातून गाण्याचा आवाज येत होता. रस्त्यावरून लाकडाचा रिकामा ट्रक वळला आणि थेट गोदामाच्या पुढ्यात थांबला. सात-आठ माणसं उतरली. काठ्या, दोघांकडे कुऱ्हाडी. दिवाणजी ड्रायव्हरच्या शेजारून उतरला. त्याने दाराची एक फळी ओढून बंद केली आणि बाहेरून कडी घातली. आता एका वेळी एकच माणूस बाहेर येऊ शकत होता.

"एकेकानं बाहीर निघा," तो ओरडला. "बाई आली का बाकीचे आपापल्या घरी जा!"

गाणं थांबलं. आतून फादरचा आवाज आला, "ही प्रार्थनेची जागा आहे. आपण कृपया..." पुढचं ऐकू आलं नाही. मग म्हातारा बाहेर आला. हात जोडलेले. त्याला बहुतेक समजूत घालायची होती. तोंड उघडलं तेवढ्यात एकाने कुऱ्हाड उलटी करून तिची बोथट बाजू त्याच्या डोक्यावर घातली. नारळ फुटावा तसा आवाज झाला आणि म्हातारा उंबऱ्यावरच आडवा पडला.

मी पहार उचलून धावलो. माझ्या आयुष्यात मी कुणाला मारलं नव्हतं. पहार कशी धरायची तेही मला कळत नव्हतं. कुणाची तरी काठी डाव्या कानावर बसली. त्यानंतरचं मी जमिनीवरून पाहिलं. पुढे त्या कानाने मला कधीच ऐकू आलं नाही.

आतून कुणी येईना, तेव्हा त्यांनी डिझेलमध्ये भिजवलेला बोळा पेटवून आत फेकला. लोक बसायचे ते गवताचे बोरे पेटले. आत आरडाओरडा, खोकला, पोरांचं रडणं. भिंतींना बाहेर पडायला फट नव्हती आणि झरोक्यातून फक्त धूर निघत होता. मग लोक यायला लागले. उंबऱ्यावर पडलेल्या म्हाताऱ्याला ओलांडूनच यावं लागत होतं, आणि ओलांडताना माणूस खाली बघायचा तेवढ्यात काठी पडायची. एका बाईने पोटाशी धरलेलं मूल वाचवायला पाठ पुढे केली. ती पाठीवर मार खात रांगत गेली. एका माणसाची बोटं दाराच्या चौकटीवरच ठेचली. मारणारे कंटाळल्यासारखे मारत होते, धान झोडपतात तसे.

ती बाई सगळ्यात शेवटी येईल असं त्यांना वाटलं असावं. ती मध्येच आली. धुरातून आधी तिची सब्बल आली. आमचीच, खडक फोडायची जड पहार, कोपऱ्यात ठेवलेली. तिने ती दोन्ही हातांनी आडवी फिरवली आणि दिवाणजीच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला. तिने पुन्हा त्याच गुडघ्यावर घातली. तिसऱ्यांदाही. 

दार मोकळं झालं आणि आतले सगळे एकदम बाहेर आले. गवंड्यांनी विटा फेकायला सुरुवात केली. फावडी, घमेली, फळ्या, मिळेल ते. त्यांची माणसं जंगलाकडे पळाली. ट्रक त्यांच्याच डिझेलने पेटला. दिवाणजी पळू शकत नव्हता. मघाशी जे हात जोडून गात होते तेच त्याच्याभोवती जमले आणि मारू लागले. मी पाहत होतो आणि मला ते बरं वाटत होतं, हेही लिहिलं पाहिजे.

फादर त्या गर्दीत घुसले आणि दिवाणजीच्या अंगावर पालथे पडले. पांढऱ्या झग्यावर काजळी होती. "थांबावे! थांबावे!" ते ओरडत होते. वरून येणारी एक फळी थांबली नाही. फादरच्या उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. ती फळी म्हाताऱ्याच्या बायकोच्या हातात होती. तिने फादरकडे पाहिलं, फळी टाकली आणि उंबऱ्यापाशी जाऊन नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं.

म्हातारा चंद्रपूरच्या वाटेवर जीपमध्येच गेला.

पोलीस आले आणि त्यांनी आम्हाला उचललं. एका मोठ्या ठेकेदाराचा ट्रक जळला होता, दिवाणजीचा पाय मांडीपासून कापावा लागला होता. मेलेला माणूस फक्त घंटा वाजवणारा होता. ठाण्यात आम्हाला पालथं पाडून तळपायांवर मारलं. एकच प्रश्न, "जंगलातले लोक कोण होते तुमच्यात?" त्या काळात आलापल्लीकडच्या जंगलात बंदूकवाले फिरू लागले होते आणि पोलिसांना सगळीकडे तेच दिसायचे. माझा गवंडी सांगत राहिला, "साहेब, मी विटा लावतो जी. मी विटा लावतो." त्याबद्दलच त्याला दोन फटके जास्त पडले. फादर गळ्यात हात अडकवून रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायचे, म्हणून आम्ही सुटलो. ती बाई सुटली नाही. तिला चंद्रपूरच्या जेलमध्ये नेलं.

मी गावात परत आलो तेव्हा लोक गोदाम पाडत होते. कुणी सांगितलं नव्हतं. फादर म्हणाले, विटा चांगल्या आहेत, कुंपणाला वापराव्यात. पण बायका विटा डोक्यावर घेऊन नाल्यापर्यंत चालत जायच्या आणि पाण्यात टाकून यायच्या. म्हातारी रोज फादरना आंबील करून पाजायची. त्यांचा उजवा हात उचलत नव्हता, म्हणून वाटी तीच तोंडाला लावायची. दोघंही त्या फळीबद्दल कधी बोलले नाहीत.

पावसाळा संपल्यावर आर्किटेक्ट साहेब नागपूरहून आले. झाल्या प्रकाराचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. त्यांनी खांबांमधल्या मोकळ्या जमिनीवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि लोकांना समजावू लागले. काठीने दाखवलं, इथून आत यायचं, इथे अंधार, इथे उजेड.

म्हातारी पुढे आली. "साहेब, मी अंदर जाईन. बाहीर कशी येईन?"

"इथूनच ना, आजी."

"एकच दरवाजा?"

"हो."

"मंग मी नाई येत," ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्यामागे उभे असलेले सगळे बसले. ठेचलेल्या बोटांचा माणूसही बसला.

साहेब चिडले. एक दार म्हणजे या इमारतीचा आत्मा आहे म्हणाले. जास्त दारं केली तर उजेड चहूकडून घुसेल, वेदीवरचा उजेड कुणाला दिसणारही नाही. गोल भिंत वरच्या छपराचा भार घेते, ती अशी कापता येत नाही. ते खोटं बोलत नव्हते. मी मधे पडून म्हणालो, खांब आणखी दिले, वरून काँक्रीटचं एक जाड कडं फिरवलं तर भार खांबांवर जाईल, भिंत नुसती भरणीची राहील. ते माझ्यावर ओरडले, "मग ते चर्च राहील की गुरांचा गोठा?"

फादर पुढे आले. ते म्हणाले, "साहेब, गोठ्याला आमच्यात काही कमीपणा नाही."

साहेब नकाशा गुंडाळून निघून गेले. ते परत येतील असं मला वाटलं नव्हतं. पण महिन्याभराने नवे नकाशे घेऊन स्वतः आले. गोल भिंतीत सात दारं होती. प्रत्येक दार दोन फळ्यांचं, बाहेर उघडणारं, आणि कडी फक्त आतून. बाहेरून कडी-कोयंडा कुठेच नाही. वेदीवरची फट त्यांनी रुंद केली होती. "आता उजेडाला उजेडाशी भांडू दे," म्हणाले. म्हातारीला त्यांनी प्रत्येक दारावर बोट ठेवून दाखवलं. तिने मोजली आणि मान हलवली.

छपराची ओतणी झाली त्या दिवशी सगळं गाव आलं होतं. ख्रिस्ती, गोंड, बौद्ध वस्तीतले, सगळे. घमेली हातोहात वर जात होती. संध्याकाळी माझ्या हाताची कातडी सिमेंटने फाटली होती. पुढे सागाच्या फळ्या बसल्या, बिशप आले, आशीर्वादाचा विधी झाला. म्हातारी आत आली आणि पहिल्या रांगेत बसली. साऱ्या दारांतून वारा आत येत होता. मेणबत्त्या टिकत नव्हत्या, आणि फादर हसत होते.

खटल्यात म्हाताऱ्याला मारणाऱ्या माणसाला शिक्षा झाली. ठेकेदाराचं नाव कागदावर कधी आलंच नाही. त्याला पुढच्या वर्षी दुसरा कूप मिळाला. ती बाई जेलमध्ये वर्षाहून जास्त काढून सुटली आणि नदीपलीकडे आपल्या गावी गेली. चर्चमध्ये ती कधी आली नाही.

दशक संपता संपता मला ती आलापल्लीच्या बाजारात भेटली. सुकी मासळी घेत होती. केस पिकू लागले होते. मला ओळखलं आणि विचारलं, "झालं का थे?"

मी सांगितलं. पंख्यासारखं छप्पर, सात दारं, सगळी बाहेर उघडणारी. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"सगळे उघडे रायतेत?"

"थंडीत तीन-चार लावून घेतात. वारा फार येतो."

तिने मासळीची पुडी पदरात बांधली. "मंग थे मारनारे थंडीतच येतीन," ती म्हणाली आणि गर्दीत शिरली.

मी त्याच संध्याकाळच्या गाडीने फादरकडे गेलो आणि तिचं बोलणं सांगितलं. थंडीचे दिवस होते आणि चर्चची चार दारं लावलेली होती. ते उठले आणि स्वेटर घालू लागले. उजवी बाही त्यांना एकट्याने घालता येत नव्हती. मी ती धरली.