कलमवाले सर आणि बाटलीतली रोपं

कृषी शाळेत त्यांना सगळे कलमवाले सर म्हणत. कलम बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे त्यांचे शत्रूही कबूल करत. पण जैवतंत्रज्ञानाचं नाव काढलं की सर नाक मुरडायचे. बाटलीत वाढवलेल्या रोपाला ते ‘दवाखान्यातलं बाळ’ म्हणायचे आणि वर्ग खो खो हसायचा. खरी गोष्ट अशी, की तो धडा त्यांना येतच नव्हता. टिंगल करून वेळ मारून न्यायचे झालं. आणि हे किती वर्षं!

यंदा एका मुलीने परीक्षेसाठी नेमकं तेच निवडलं. केळीच्या कोंबाचे इवलेसे तुकडे बंद बाटल्यांत वाढवून तिने रोपं केली. गुण चांगले पडले तर मोठ्या प्रयोगशाळेत तिला शिकायला जागा मिळणार होती.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, सर एकटेच तिच्या बाटल्या ठेवलेल्या खोलीत शिरले. हिरवीगार रोपं बघून त्यांना राहवेना. मुळं बोटाने चाचपल्याशिवाय रोपाला बरं म्हणायचं नाही, ही जन्माची खोड. एकेक झाकण उघडलं, बोट घातलं, मनात ‘वा पोरी’ म्हणाले आणि झाकणं लावून टाकली. हवा आणि हात लागला की ही रोपं नासतात, हे त्या न शिकवलेल्या धड्याच्या पहिल्याच पानावर होतं.

परीक्षेला सगळ्या बाटल्यांत पांढरी बुरशी. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई निष्काळजीपणाबद्दल गुण कापायला निघाल्या. माझंच काहीतरी चुकलं असेल, असं मुलगी पुटपुटली. सरांचे कान शरमेने तापले.

“बाई, झाकणं मी उघडली होती,” ते कसंबसं म्हणाले.

बाई हसल्या. “सर, मुलांना इतकं पाठीशी घालू नका. तुमच्यासारखा शिक्षक असं करेल का?”

आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मला हे येत नाही. पण सरांनी शेपूट घातलं. खाली बसले. गुण कापले गेले आणि जागाही गेली.

संध्याकाळी मुलगी फाटकाशी थांबली होती. रडून डोळे सुजले होते.

“सर, माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात. मी विसरणार नाही.”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तरी बोलायलाच हवं होतं.

“पुढच्या वेळी काळजी घे,” ते म्हणाले.