आईचं वेबपान

उमरग्याच्या स्टँडसमोर एक कलाकार लोकांच्या फोटोंची वेबपानं सजवायचा. आईच्या वर्षश्राद्धाआधी तिचे फोटो नातेवाइकांना मोबाईलवर बघता यावेत, म्हणून मी त्याच्याकडं गेलो. त्यानं उदार मनानं जांभळी पार्श्वभूमी, सोनेरी चौकट, गळणाऱ्या पाकळ्या आणि लुकलुकणारे लाल बदाम घातले. मग मान तिरकी करून स्वतःवरच खूश झाला.

"बदाम कशाला? साधं पांढरं ठेवा," मी म्हणालो.

"काका, पांढरं ठेवल्यावर म्या काय केलं ते कसं दिसंल?"

प्रश्न रास्तच होता. त्यात आई दिसण्याचा संबंध कुठं होता?

शेवटी नाराजीनं त्यानं एकेक सजावट उतरवली आणि थबकला.

"आजी लई गोड हसत्यात की वो!"

मी तोवर पांढरा रंग नीट आलाय का, तेवढंच बघत होतो.